मागणी तशी जात

मुंबई–गोवा महामार्गावरून कसाल येथे मालवणकडे जाणारा फाटा फुटतो. कट्टा, चौके अशी गावे घेत जाणारा हा रस्ता सुटीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्यांनी भरून जातो. चहापाण्यासाठी गाड्या थांबतात, तेव्हा कसालच्या नाक्यावर कुत्र्यांची दोन जगे शेजारी-शेजारी दिसतात. वातानुकूलित गाडीच्या काचेआड चपट्या नाकाचा पग किंवा दाट केसांचा हस्की धापा टाकीत बसलेला असतो. खाली दुकानाच्या पायरीशी तांबूस रंगाचा, आखूड केसांचा, उभ्या कानांचा गावठी कुत्रा शेपटीचे वेटोळे करून एक डोळा मिटून पडलेला असतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने हे तिघेही एकाच प्रजातीचे जीव होत. त्यांचा आपसांत संकर झाला तर पिल्ले होतात आणि पुढे त्या पिल्लांनाही पिल्ले होतात. असे असताना एकाचे नाक चेहऱ्यात रुतले, दुसऱ्याच्या अंगावर हिमप्रदेशाची लोकर आली आणि तिसरा मात्र आपल्या आजोबा-पणजोबांसारखाच राहिला, हे कसे घडले? व्यापारी घरातील वाचकाला याचे उत्तर ऐकून नवल वाटणार नाही. हा फरक गिऱ्हाइकाने केला.

गावठी कुत्र्याला गिऱ्हाईक कधी नव्हतेच. त्याची निवड केली ती परिस्थितीने. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा दमट हवेत ज्याच्या अंगावर दाट केस, त्याची त्वचा कुजते. बिबट्याचा वावर असलेल्या गावात ज्याचे कान आणि झोप सावध नाहीत, तो फार दिवस राहत नाही. शिळा भात, पेज आणि चुलीपाशी उरलेली भाकरी यांवर ज्याचे पोट भरत नाही, त्याचा वंश पुढे जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या हीच चाळण लागत गेली आणि तिच्यातून आज दिसतो तो मध्यम बांध्याचा, काटक, मिळेल ते पचवणारा प्राणी शिल्लक राहिला. भारतातील खेड्यापाड्यांतून याच ठेवणीची कुत्री आढळतात, याचे कारण ही चाळण सर्वत्र थोडीफार सारखीच आहे.

भाकरी पचवणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. लांडगा पिष्टमय अन्नावर जगू शकत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की पिष्ट पचवणारे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत प्रती आढळतात. मनुष्य शेती करू लागला, त्याच्या दाराशी धान्याचे उष्टे पडू लागले आणि ते ज्याला पचले तो दाराशी टिकला. पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, ही अनेक घरांतील रीत त्या दृष्टीने पाहिली तर फार जुन्या करारातील एक कलम आहे.

हा करार किती जुना, याचा एक पुरावा जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सापडला. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीच्या त्या दफनात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याचे पिल्लू होते. पिल्लाच्या दातांवरील खुणांवरून ते कित्येक आठवडे गंभीर आजारी होते आणि कोणीतरी शुश्रूषा केल्यावाचून इतके दिवस जगले नसते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. आजारी पिल्लू ना शिकारीच्या उपयोगाचे, ना राखणीच्या. तरीही त्याला सांभाळले गेले.

परिस्थितीच्या निवडीनंतर आली ती कामासाठी केलेली निवड. मेंढपाळाने कळप राखणारा कुत्रा ठेवला, शिकाऱ्याने धावणारा ठेवला आणि ज्याचे काम चांगले त्याचीच पिल्ले पुढे वाढवली. मराठी मुलुखात या प्रकाराचे उत्तम उदाहरण म्हणजे कारवान कुत्रा. सह्याद्री ओलांडून घाटमाथ्यावर आणि पुढे सोलापूर, सांगली, जत या कोरड्या माळरानांवर गेले, की हा सडपातळ, लांब पायांचा, अरुंद डोक्याचा कुत्रा दिसतो. मध्य आशिया व इराणकडून व्यापारी तांड्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, त्याचे पूर्वज दख्खनमध्ये आले असे मानतात आणि नाव त्यावरूनच पडले. त्याच्यातील रेशमी झालरीच्या केसांच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. व्यापाराच्या वाटेवरून मसाले, कापड आणि घोडे आले, तसा हा कुत्राही आला.

त्याचे शरीर म्हणजे वेगाचा ताळेबंद आहे. खांद्याशी सुमारे सव्वादोन फूट उंची, खोल छाती, आत ओढलेले पोट, कमानदार कंबर. छाती खोल, कारण मोठे हृदय आणि मोठी फुप्फुसे तेथे मावली पाहिजेत. चरबी जवळजवळ नाही, कारण तिचे ओझे धावताना वाहावे लागते. शिकार तो वासापेक्षा नजरेने धरतो, म्हणून डोके लांबट आणि डोळे दूरवर पाहणारे. दौडताना एका झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. यातील एकही गोष्ट कोणी शोभेसाठी मागितलेली नव्हती. ससा ज्याच्या हातून सुटत असे, त्याच्या पिल्लांना कोणी विचारत नसे, इतकाच सगळा नियम होता.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. या निकोप शरीराची किंमत दर पिढीत माळावरच्या सशांनी आणि काळविटांनी मोजली होती. कामासाठी केलेली निवड कुत्र्याला मानवली खरी, परंतु ते काम हिंसेचे होते, आणि जुन्या पद्धतीची स्तुती करताना हे सोयीस्करपणे विसरले जाते.

मुधोळ हे आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील गाव. स्वातंत्र्यापूर्वी ते घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान होते. तेथील राजेसाहेब मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या शिकारी जमातींकडे असलेली ही कुत्री पाहिली, त्यांतील निवडक कुत्री जमवली आणि संस्थानात त्यांची पद्धतशीर पैदास सुरू केली. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज यांना त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि तेव्हापासून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले, असे सांगतात. आजही केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत तो कारवान हाउंड आहे, तर मुधोळच्या पंचक्रोशीत आणि सरकारी कागदांवर मुधोळ हाउंड. एकाच मालाला दोन पेढ्यांचे शिक्के बसावेत, तसा हा प्रकार आहे.

कामाची जागा देखाव्याने घेतली, ती इंग्लंडात. १८३५ मध्ये तेथील कायद्याने एका क्रूर खेळावर बंदी आली. बैलाला खांबाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडावयाची आणि त्यांनी त्याचे नाक धरून लोंबकळावयाचे, असा तो खेळ होता. बुलडॉग त्याच खेळासाठी घडवलेला. खेळ बंद झाला ही निःसंशय चांगली गोष्ट. पण त्यामुळे बुलडॉग बेकार झाला, आणि बेकार कुत्र्याला नवे गिऱ्हाईक मिळाले ते प्रदर्शनाचे. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. योगायोग असा, की चार्ल्स डार्विनचा उत्पत्तिविषयक ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्याच्या पहिल्या प्रकरणाचा विषय पाळीव प्राण्यांत मनुष्याने केलेली निवड हाच होता. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, प्रत्येक जातीची वंशनोंदवही उघडली गेली आणि आदर्श कुत्रा कसा दिसावा याचे लेखी वर्णन तयार झाले. आज जगात मान्य असलेल्या शेकडो जातींपैकी बहुतेकांचे आजचे रूप या दीडशे वर्षांतले आहे. चौदा हजार वर्षांच्या हिशेबात दीडशे वर्षे म्हणजे शेवटच्या पानावरची शेवटची ओळ.

बुलडॉगच्या वर्णनात डोके मोठे आणि चेहरा आखूड हवा होता. पंचांनी मोठ्या डोक्याला बक्षीस दिले. पैदास करणाऱ्याने त्याहून मोठ्या डोक्याचे पिल्लू शोधले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. प्रत्येक पायरीवर फरक एका बोटाचाही नसे, म्हणून कोणाला खटकले नाही. शेवटी डोके इतके वाढले की ते मादीच्या कंबरेच्या हाडांतून सुटेना. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार बुलडॉगच्या शंभरांपैकी ऐंशीहून अधिक बाळंतपणांत सिझेरियन शस्त्रक्रिया करावी लागत होती. शस्त्रवैद्याच्या मदतीवाचून जी जात पुढच्या पिढीपर्यंत पोहोचू शकत नाही, तिला उत्तम वंशाची म्हणून प्रमाणपत्र मिळते.

पगचे दुखणे याच प्रकारचे. कवटी आखूड केली, पण तोंडाच्या आतील मऊ टाळू आणि मांस त्या मानाने आखूड झाले नाही. ते घशात साचते व श्वास अडवते. कुत्र्याला घाम येऊन शरीर थंड करता येत नाही, धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि धापा टाकण्याचीच वाट अरुंद. मे महिन्यातील मालवणची दमट हवा त्याला काय वाटत असेल, याची कल्पना करावी. भारतात २००३ मध्ये हच या दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग झळकला आणि त्यानंतर शहरोशहरी पगच्या पिल्लांना मागणी आली, किमती चढल्या. जाहिरात दूरध्वनी सेवेची होती, खपले कुत्रे. डॅशहाउंडचे आखूड पाय बिळात शिरण्यासाठी घडवले होते. त्या आखूडपणास कारण असलेले जनुक पाठीच्या मणक्यांमधील चकत्याही लवकर कठीण करते, आणि फ्लॅटच्या सोफ्यावरून उडी मारताना तो एकाएकी मागच्या पायांनी पांगळा होऊ शकतो. जर्मन शेफर्ड ही जात माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळ अधिकाऱ्याने १८९९ पासून उपयुक्तता हाच निकष ठेवून बांधली होती. पुढे प्रदर्शनांत तिची पाठ मागे उतरती होत गेली आणि खुब्याच्या सांध्याचे दुखणे या जातीच्या नावाशी जोडले गेले.

देखाव्याच्या निवडीपेक्षाही खोल नुकसान केले ते बंद नोंदवहीने. नोंदवहीत ज्याचे आईबाप नाहीत त्याला जातीत प्रवेश नाही, हा नियम झाला. बाहेरचे भांडवल येणे बंद झाले आणि असलेलेच घरातल्या घरात फिरू लागले. एखाद्या नराने पारितोषिक मिळवले की सर्वांना त्याचीच पिल्ले हवीत. काही पिढ्यांनी जातीतील बहुतेक कुत्री त्याची नातवंडे-पतवंडे. त्याच्यात एखादा दोष दडलेला असेल तर तो सर्वत्र पोहोचतो, आणि जवळच्या नात्यात पैदास झाली की दोन बाजूंनी येऊन उघडा पडतो. लंडनच्या केनेल क्लबने आई व मुलगा, बाप व मुलगी किंवा सख्खी भावंडे यांच्या पिल्लांची नोंद नाकारण्यास सुरुवात केली ती २००९ मध्ये, तीही आदल्या वर्षी बीबीसीच्या एका माहितीपटाने गदारोळ उडवल्यानंतर. त्यापूर्वी १३६ वर्षे अशा नोंदी चालत आल्या होत्या.

सराफी पेढीवर शुद्धता हा गुण असतो. बावीस कॅरेटपेक्षा चोवीस कॅरेट शुद्ध, यात वाद नाही. तोच शब्द रक्ताला लावला गेला आणि तेथे मोठी फसगत झाली, कारण जिवंत प्राण्यात जिला शुद्धता म्हणतात ती पुष्कळदा विविधतेची टंचाई असते. डाल्मेशियन या ठिपकेदार कुत्र्याची हकीकत यासाठी जाणून घेण्यासारखी आहे. पांढऱ्या अंगावर ठळक, सुटे, गोल ठिपके यावेत म्हणून निवड होत गेली. ठिपक्यांच्या मागोमाग आणखी एक जनुक नकळत आले, त्याने युरिक ॲसिडची विल्हेवाट लावण्याची शक्ती बिघडवली, आणि हळूहळू ते जातीतील प्रत्येक कुत्र्यात पोहोचले. युरिक ॲसिड हा शब्द आपल्या घरांतही अनोळखी नाही. पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने अनेकांना त्याचा परिचय करून दिला आहे. डाल्मेशियनला त्याचे मूतखडे होतात, आणि नराची मूत्रनलिका त्या खड्यांनी बंद झाली तर प्राणावर बेतते.

निरोगी जनुक जातीत कोणाकडेच शिल्लक नसल्यामुळे जातीतल्या जातीत कितीही काळजीपूर्वक निवड केली तरी उपाय निघणे शक्य नव्हते. रॉबर्ट शायबल या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये डाल्मेशियनचा एकदाच पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि पुढे प्रत्येक पिढीत निरोगी पिल्लू निवडून ते पुन्हा डाल्मेशियनशीच जोडले. काही पिढ्यांनी जी कुत्री झाली ती दिसायला डाल्मेशियन, रक्ताने शंभरात नव्याण्णव हिश्श्यांहून अधिक डाल्मेशियन, आणि खड्यांच्या दोषातून मुक्त. तरीही अमेरिकेतील केनेल क्लबने त्यांना कायमचा प्रवेश दिला तो २०११ मध्ये. अडतीस वर्षे गेली ती विज्ञानासाठी नव्हेत. एका पॉइंटरमुळे वंश बाटला, या समजुतीपायी गेली.

कारवान कुत्रा या बाबतीत आतापर्यंत सुदैवी ठरला, कारण तो नोंदवहीपेक्षा माळावर अधिक राहिला. पण त्याचे जुने काम आता नाही. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी शिकार हा गुन्हा ठरवला, आणि ते योग्यच झाले. मग निवड कशावर करावयाची? मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे केंद्र आहे. तेथे या जातीचे संवर्धन चालते. भारतीय लष्कराच्या मेरठ येथील केंद्रात या जातीची पिल्ले प्रशिक्षणासाठी नेली गेली. २००५ मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, आणि ३० ऑगस्ट २०२० रोजी ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी जातींची नावे घेतली त्यांत मुधोळ होता. त्यानंतर शहरांतून मागणी वाढली. ज्याने दिवसातून काही मैल धावावे अशा अंगकाठीचा कुत्रा आता दोन खोल्यांच्या सदनिकेसाठी मागितला जातो, आणि मागणी आली की तिला साजेसा माल घडवणारेही येतात. संख्या मुळात थोडी असलेल्या जातीत चार-दोन नामांकित नरांचीच पिल्ले पसरली, तर बुलडॉगला जे दीडशे वर्षांत झाले ते येथे फार लवकर होऊ शकते. मागणी वाढली म्हणजे जात वाचली, असा हिशेब मांडणारे कागदाची एकच बाजू वाचतात.

श्रावकाचारात निषिद्ध मानलेल्या पंधरा व्यवसायांना कर्मादाने म्हणतात. त्यांतील एक असतीपोषण. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचे स्पष्टीकरण करताना मैना, पोपट, मांजर, कोंबडा आणि मोर यांच्या जोडीने कुत्र्याचेही नाव घेतले आहे आणि धनासाठी त्यांचे पोषण, अशी अट घातली आहे. दया म्हणून कुत्र्याला अन्न घालणे त्यात येत नाही. पैशासाठी वाढवणे येते. लॅब्रॅडॉरची मादी घेऊन वर्षाला दोन वेत काढण्याचा आणि पिल्ले ऑनलाइन विकण्याचा जोडधंदा अनेक शहरांत बिनभांडवली म्हणून सुचवला जातो, तेव्हा हा उल्लेख आठवण्याजोगा आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत छेदाचाही समावेश आहे. डॉबरमनचे कान आणि शेपूट केवळ रुबाबासाठी छाटतात, तो सरळ सरळ छेदच होय. पगचे नाक मात्र सुरी न लावता, निवडीनेच छाटले गेले.

कायद्यानेही आता या धंद्याला चौकट घातली आहे. पैदाशीसाठी परदेशी कुत्र्यांच्या आयातीवर २०१६ मध्ये निर्बंध आले. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, अठरा महिन्यांच्या आतील मादीपासून पिल्ले घेता येत नाहीत, तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेत होऊ देता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. विकत घेणाऱ्याने नोंदणी क्रमांक विचारावा आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरावा. आई मोकळा श्वास घेते का, सरळ चालते का, हे पाहायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. आई गावी आहे, दुसरीकडे आहे, असे उत्तर आले तर सौदा तेथेच थांबवावा.

कसाल-मालवण भागात काजू-आंब्याच्या बागांना राखण लागते, ती माकडांपासून आणि रानडुकरांपासून. त्यासाठी मुंबईहून रॉटवायलर आणणारे आहेत. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या त्वचेच्या औषधांवर होणारा खर्च त्यांना ठाऊक असतो. गावठी कुत्रा रात्रभर बागेभोवती फिरतो, आणि आरडाओरड करून डुकरे हुसकावतो, मारत बसत नाही. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव आणि रेबीज हा गंभीर प्रश्न आहे, पण तो बेवारशी सोडलेल्या आणि लस न टोचलेल्या कुत्र्यांचा आहे. दाराशी पाळलेल्या, लस दिलेल्या आणि निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याचा नव्हे. गावठी कुत्रीला बहुधा वर्षातून एकदाच, पावसाळा संपल्यावर थंडीच्या सुमारास पिल्ले होतात. बागायतदारांनी नोव्हेंबर-डिसेंबरात आसपासच्या वाड्यांवर चौकशी करावी, पिल्लू दोन महिने आईपाशी राहू द्यावे, आणि तीन महिन्यांचे झाले की सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची पहिली लस टोचून घ्यावी.